माझा वेगळा डबा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कॉम्प्युटरवर बोल." मी म्हटलं, कॉम्प्युटरवर आता आपली मुलंच आपल्यापेक्षा चांगलं बोलतात. मी माझ्या डब्यावर बोलते. माझ्या वर्गातल्यांना तो डबा आठवत असेल. झाकणाला लाल रंगाचा ठिपका होता आणि त्यात रोज तांदळाची भाकरी असायची. तुम्ही एकमेकांच्या डब्यातलं खायचात, मी खायची नाही. कुणी म्हणायचं शिष्ट आहे, कुणी म्हणायचं हिला काहीतरी लागण झालेली आहे. खरं काय होतं ते नीट सांगायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. आज सांगते.

मला सिलिॲक नावाचा आजार आहे. आहे म्हणते, होता म्हणत नाही, कारण तो जात नाही. गहू आणि जव या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. परदेशात राय म्हणून एक धान्य खातात, त्यातही ते असतं. ती आपली मोहरी नव्हे. कणीक मळली की जी चिकटाई येते, पोळी लाटताना तुटत नाही, ती या ग्लूटेनमुळे. माझ्यासारख्यांचं शरीर या प्रथिनाला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, तीच अन्नातलं सत्त्व शोषून घेते. ती झडून सपाट होते. मग कितीही खा, अंगी लागत नाही.

मी पाच-सहा वर्षांची असताना हातपाय काड्यांसारखे आणि पोट माठासारखं, अशी माझी मूर्ती होती. सतत जुलाब, तोंडात फोड, चेहरा पांढराफटक. जंताचं औषध झालं. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढून झाली. छातीच्या फोटोत काहीतरी दिसतंय म्हणून नऊ महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. आणि जो तो आईला सांगायचा, "भातानं कुठे ताकद येते? पोरीला गव्हाचं द्या." मग माझ्यासाठी मुद्दाम अलिबागहून चांगला गहू यायचा. गव्हाची खीर, दुधात बिस्किटं, डब्यातली माल्टची पावडर, बालवाडीतली सुकडी. माल्ट म्हणजे मोड आणलेले जव. जे जे ताकदीचं म्हणून माझ्या पोटात गेलं, ते सगळं नेमकं मला नको असलेलं होतं. नागावच्या घरात जी मुलगी साधा पेजभात खाऊन बरी राहिली असती, तिला आम्ही प्रेमानं गहू भरवून आजारी ठेवत होतो.

आई रडायची. आजी आमची मायाळू होती, पण तिच्या तोंडातून एक वाक्य वरचेवर निघायचं, "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं." आईनं त्यावर कधी उत्तर दिलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

1987 च्या पावसाळ्यात बाबा मला मुंबईला घेऊन गेले. रेवसची लाँच बंद होती, म्हणून एसटीनं वडखळ-पेण करत गेलो, आणि मी सगळ्या वाटेवर उलट्या केल्या. तिथल्या मोठ्या रुग्णालयात एका वयस्कर डॉक्टरबाईंनी मला तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला आणि आठवड्यानं आईबाबांना समोर बसवून सांगितलं, की या आजाराला औषध नाही, पण गहू आणि जव जन्मभर बंद केले की मुलगी ठणठणीत होईल. बाबांना वाटलं त्या थट्टा करताहेत. मग त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" बाबा म्हणाले, "नागाव, अलिबागजवळ." त्या हसल्या. म्हणाल्या, "मग तुमच्या मुलीनं योग्य गावात जन्म घेतलाय. भात खा, भाकरी खा, मासे खा, नारळ खा."

दोन महिन्यांत जुलाब थांबले. वर्षभरात माझे फ्रॉक आखूड व्हायला लागले. पेजभातावर!

पुढे कळत्या वयात मी या आजाराचा इतिहास वाचला. लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी 1888 मध्ये त्याचं नीट वर्णन केलं आणि उपाय असलाच तर तो आहारात आहे असं सांगितलं. पण कोणत्या आहारात, हे ठाऊक नव्हतं. 1924 मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला. मुलं सुधारली, म्हणून सगळ्यांना वाटलं केळ्यात गुण आहे. खरं तर केळी खाताना पाव बंद झाला होता, गुण त्याचा होता. खरं कारण सिद्ध केलं हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. सगळा देश वाळत असताना ही आजारी मुलं मात्र बरी दिसायला लागली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. म्हणजे माझ्या जन्माच्या फक्त तीस वर्षं आधी जगाला हे नक्की कळलं होतं. आपल्याकडे उत्तर भारतातल्या मुलांच्या सिलिॲकवरचा लेख 1966 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला आहे, पण भात खाणाऱ्या किनारपट्टीवर हे नाव कुणाच्या कानावर पडायचं कारण नव्हतं.

निदान झालं तरी पथ्य सोपं नव्हतं. भात खाणाऱ्या गावातही गहू कुठे कुठे लपलेला असतो ते आईला एकेक करून शोधावं लागलं. बोंबील तळताना वरून रवा लावतात, तो गव्हाचा. आई तांदळाचं पीठ लावू लागली. डबीतला बांधानी हिंग घ्या, त्यात बहुतेक वेळा मैदा असतो. ते कळेपर्यंत दीड वर्ष माझी आमटी मला बाधत होती. गिरणीत आधी कुणी गहू दळून गेलं असेल तर आपल्या तांदळाच्या पिठात तो मिसळतो. मग आजीनं माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं. "आमच्या घराण्यात कुणी नव्हतं" म्हणणारी तीच आजी पहाटे उठून माझ्यापुरतं पीठ दळायची. दिवाळीत करंज्या-शंकरपाळे नाहीत, चिवडा-चकली चालेल. होळीला पुरणपोळी नाही, पण आई तेच पुरण तांदळाच्या उकडीत भरून वाफवायची, आणि खरं सांगते, माझा भाऊ पोळी सोडून माझ्यातलं मागायचा.

सगळ्यात अवघड होता प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. घरातली मोठी माणसं हातावर ठेवायची आणि मी हात मागे घ्यायची. "प्रसादाला नाही म्हणते?" असं म्हणताना त्या बायकांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मला आजही दिसतं. एका काकूंनी मात्र मार्ग काढला. पूजेतलं केळं त्या बाजूला काढून ठेवायच्या आणि मी दारात दिसले की आधी तेच हातात द्यायच्या. शाळेत 15 ऑगस्टला जिलबी वाटायचे तेव्हा आमच्या चौथीच्या बाईंच्या पर्समधून एक राजगिऱ्याचा लाडू निघायचा. बाई कधी काही बोलल्या नाहीत. बाई आज इथे बसल्या आहेत. बाई, तो लाडू माझ्या लक्षात आहे.

आता जे सांगायला मी खरं तर उभी राहिले ते सांगते.

आठवीत मला या सगळ्याचा कंटाळा आला. तेरा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसारखं असावंसं वाटतं, याहून मोठं कारण नव्हतं. एसटी स्टॉपजवळच्या गाडीवर सगळ्याजणी वडापाव खायच्या. वडा बेसनाचा, तो चालला असता. पण मला पाव हवा होता. एक दिवस खाल्ला. रात्रभर जागी राहिले, की आता पोट दुखेल. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. मी ठरवून टाकलं की मी बरी झाले आणि डॉक्टरांना काही कळत नाही. या वयात असं होतं, हे मला नंतर समजलं: वरून त्रास दिसत नाही आणि आत आतड्याची लव झडत असते. सहा महिने मी जवळजवळ रोज पाव खाल्ला. डब्यातली भाकरी वाटेत कुत्र्याला घालायची. घरी कुणाला पत्ता नाही.

एका मैत्रिणीला मात्र माहीत होतं. माझ्या बाकावर बसायची ती. तिच्याकडून मी शपथ घेतली होती. तिनं सहा महिने पाळली. मग माझे केस गळायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली, कवायतीच्या तासाला मी मैदानात चक्कर येऊन पडले. त्या संध्याकाळी ती माझ्या घरी गेली आणि आईला सगळं सांगितलं.

रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सहा होतं. त्या वर्षात माझी उंची अर्धा इंचही वाढलेली नव्हती. आई मला ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डबा भरला आणि एवढंच म्हणाली, "कुत्र्याला घालायची असेल तर सांग, त्याच्यासाठी वेगळी करीन. तुझी तू खा." मी आईला माफ केलं, म्हणजे बघा, मी तिला माफ केलं! पण मैत्रिणीला केलं नाही. चहाडखोर म्हणाले. बाक बदलून घेतला. नववी गेली, दहावी गेली, मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. पुढे मी इंजिनिअरिंगला बाहेर गेले, ती इथेच राहिली, आणि ते तसंच राहून गेलं.

दहावीचा निरोप समारंभ आठवतो ना? सगळ्या शाळांत मिसळपाव नाहीतर वडापाव असतो. आपण पोपटी लावली होती. थंडीचे शेवटचे दिवस, वाडीत खड्डा केला, मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. वरून पुन्हा पाला कोंबला, मडकं उपडं केलं, भोवती झावळ्या आणि पेंढा रचून पेटवला. मुलांनी मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज येतो का ते बघितलं. त्या दिवशी शाळेच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पानातलं खाल्लं. मला वाटलं होतं, योगायोग आहे. पोपटीचाच मोसम होता.

गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या आठवणी निघाल्या, तेव्हा वर्गातल्या एकानं सहज लिहिलं, "मिसळपावच ठरला होता, पैसेही काढले होते. पण एकीनं भांडून पोपटी करायला लावली. म्हणाली, तिला सोडून आपण खायचं का?" ती एकजण म्हणजे तीच. मी तिच्याशी बोलत नव्हते त्या काळात.

ती आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही, तिला आवडणार नाही. पण सगळ्यांसमोर सांगते: तू त्या संध्याकाळी माझ्या घरी गेलीस म्हणून मी वेळेत सावरले. मी चुकले. माफी मागायला मला फार उशीर झाला.

आजीच्या त्या वाक्याकडे परत येते. काही वर्षांपूर्वी बाबांना मधुमेह निघाला आणि त्यांना सांगितलं गेलं की भात कमी करा, चपाती खा. आपल्या गावात आता किती घरांत हे चालू आहे ते तुम्हाला माहीत आहे. बाबांनी इमानानं चपाती धरली आणि वर्षभरात दहा किलोनं उतरले. सगळे म्हणाले, साखरेमुळे. रक्तही कमी. मी हट्ट करून त्यांची सिलिॲकची तपासणी करवली. ती पॉझिटिव्ह आली, पुढे आतड्याच्या तपासणीनंही तेच सांगितलं. बासष्टाव्या वर्षी! जन्मभर भात खाल्ल्यामुळे त्यांचं झाकलेलं राहिलं होतं. आई खुर्चीवर बसून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं तर." आजी तोपर्यंत गेलेली होती. मी आईला समजावलं की हा कल आईकडून, बाबांकडून किंवा दोघांकडूनही येऊ शकतो आणि त्यात दोष कुणाचाच नसतो. तिनं मान हलवली. पण पंचवीस वर्षं तिनं ते ओझं एकटीनं वाहिलं होतं, ते माझ्या एका वाक्यानं कसं उतरणार?

हे घरगुती रडगाणं म्हणून सांगत नाही. आपल्या गावासाठी यात काही कामाचं आहे. भारतात 2016 मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्तर भारतात दर हजार प्रौढांमागे सुमारे 12 जणांच्या, ईशान्येत सुमारे 9 जणांच्या आणि दक्षिणेत फक्त 1 जणाच्या रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडं आढळली. पण तो होण्यासाठी लागणारी जनुकं तिन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात, तीनात एकाकडे, होती. उत्तरेत माणशी रोजचा गहू 450 ग्रॅमच्या वर आणि दक्षिणेत 25 ग्रॅमच्या आसपास, हा मोठा फरक होता. एवढ्यानं सगळं कोडं सुटत नाही, पण आपल्यासाठी विचार करण्यासारखं आहे. आपल्या लहानपणी सकाळी पेज किंवा घावणे असायचे. आता पोरांच्या सकाळी बिस्किट, दुपारी चपाती, संध्याकाळी नूडल्स आणि शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी आणलेल्या पावातला उरलेला पाव. जे आपल्या भाताखाली झाकलेलं होतं, ते आता वर येऊ शकतं.

म्हणून चार गोष्टी सांगते. मूल वाढत नाही, सारखे जुलाब होतात, किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही, तर डॉक्टरांना सिलिॲकबद्दल विचारा. कधी कधी जुलाब नसतातही, नुसती उंची खुंटते. पहिली तपासणी साधी रक्ताची असते, टीटीजी नावाची. ती आता जिल्ह्याच्या ठिकाणी नमुना देऊनही होते.

दुसरं, तपासणीच्या आधी स्वतःच्या मनानं गहू बंद करू नका. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात नवीन पोरं एक चूक करतात: प्रोग्राम बिघडला की आधी नोंदी पुसून टाकतात आणि मग बिघाड शोधत बसतात. गहू बंद केला की रक्तातला पुरावा हळूहळू पुसला जातो आणि तपासणी खोटं "काही नाही" सांगते.

तिसरं, घरात एकाला निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांची तपासणी करा. आम्ही ते केलं असतं तर बाबांचं वर्ष वाया गेलं नसतं. आणि उलटंही सांगते, ज्याला हा आजार नाही त्यानं उगाच फॅशन म्हणून गहू सोडायची काही गरज नाही.

चौथं, ज्याच्या घरी असं मूल आहे त्याला मदत करा. आता पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्या अन्नसुरक्षा खात्याचा नियम आहे. आईच्या वेळी असं काही नव्हतं. पण त्या महागड्या पाकिटांपेक्षा तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी, राजगिरा हे आपलं जुनं धान्यच पुरेसं आहे. फक्त पीठ वेगळं दळा, तवा आणि पोळपाट वेगळा ठेवा, तळणीचं तेल वेगळं ठेवा. आणि त्या मुलाला "एवढ्याशानं काय होतं?" असं कधीही म्हणू नका. एवढ्याशानंच होतं.

शाळेच्या आताच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गात कुणी मूल डबा लपवून खात असेल, किंवा लपवून टाकत असेल, तर एकदा जवळ बसवून विचारा. आणि त्या मुलाच्या बाकावर बसणाऱ्या मुलालाही सांगा की काही शपथा मोडायच्या असतात.

मघाशी स्वयंपाकघरात डोकावून आले. आज तांदळाच्या भाकऱ्या आहेत, आणि भाजीत हिंग घातलेला नाही असं मला तिथल्या ताईंनी स्वतःहून सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं असेल ते मी ओळखलं आहे. जेवताना दुसऱ्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणीच्या शेजारची जागा मी धरणार आहे. कुणी बसू नका.